पावसातला वाटा

महाड-पोलादपुरात भातशेतीचा हिशेब सहसा कुणी कागदावर मांडत नाही. मांडला तर दुसऱ्या वर्षी नांगर धरायचा धीर होणार नाही. तरी एकदा ढोबळ आकडे घेऊन पाहू या. वीस गुंठ्यांचं खाचर आहे आणि साल बरं गेलं, तर पाच-सहा क्विंटल भात येतो. २०२५-२६च्या खरिपासाठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. सगळा भात त्या भावाने गेला तरी हाती बारा ते चौदा हजार. आता खर्च. राब भाजणं, नांगरणी, चिखलणी, रोपं काढून लावणी, बेणणी, कापणी, भारे वाहणं, झोडणी या सगळ्याला मिळून पंचवीसेक माणसांची मजुरी धरा. रोज चारशेचा म्हटला तरी दहा हजार तिथेच गेले. पॉवर टिलरचं भाडं, बियाणं आणि खत अजून बाकीच आहे.

म्हणून इथला बहुतेक शेतकरी भात विकायला पिकवत नाही, खायला पिकवतो. आणि खाण्यापुरतं पिकवायलासुद्धा पैसे मुंबईहून यावे लागतात. मे महिन्याच्या शेवटी लालबाग, घाटकोपर, नालासोपाऱ्याहून कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा लावणीचे पैसे पाठवतो. गणपतीला येतो तेव्हा भात निसवायला लागलेलं असतं. दिवाळी उलटली की तांदळाचं एक गोणतं, पायलीभर वाल आणि थोडे कुळीथ एसटीने नाहीतर खासगी गाडीच्या डिकीतून त्याच्या खोलीवर पोचतात. गावी राहिलेली वहिनी त्याचे पैसे मागत नाही आणि त्यानेही आधी पाठवलेल्या पैशांची पावती मागितलेली नसते. पावसाने भात आडवा केला, तर त्या वर्षी गोणतं लहान येतं किंवा येतच नाही. तरी पुढच्या मे महिन्यात पैसे येतात.

जगात ज्याला समुदायाच्या आधाराची शेती म्हणतात, तिचा सगळा गाभा या देवघेवीत आहे. हंगामाच्या आधी पैसे, हंगामानंतर पिकात वाटा आणि पीक बुडालं तर तोटा दोघांचा. किलोला किती, हा प्रश्न तिथे नसतो. शेत वर्षभर चालवायला किती लागतं ते मांडायचं, सभासदांनी तेवढी रक्कम उभी करायची आणि जे पिकेल ते वाटून घ्यायचं. फरक इतकाच की आपल्याकडे हे रक्ताच्या नात्यात चालतं, आणि ते नातं दर पिढीला विरत चाललं आहे. चाकरमान्याच्या मुलाला गाव ठाऊक असतं ते गणपती-शिमग्यापुरतं, आणि नातवाच्या लेखी सातबारा ही भांडणाची किंवा विकायची गोष्ट असते. बाप आहे तोवर लावणीचे पैसे येतील, मग थांबतील. ते थांबले की खाचर पड जातं. पड खाचराची बांधबंदिस्ती दोन-तीन पावसाळ्यांत ढासळते, आणि मग फार्महाऊसच्या दलालाला ‘वापरात नसलेली जमीन’ म्हणून ते दाखवणं सोपं होतं. वरंधपासून कापड्यापर्यंत रस्त्याच्या कडेची कुंपणं पाहिली तर हे कुठवर आलं आहे ते दिसतं.

माझं म्हणणं असं आहे की ही देवघेव घराबाहेर काढावी, कागदावर आणावी आणि गावाशी ज्यांचा रक्ताचा संबंध नाही अशांनाही तिच्यात सभासद म्हणून घ्यावं. ताज्या भाजीसाठी किंवा विषमुक्त अन्नासाठी हे करा, असं मी म्हणणार नाही. ते फायदे मिळाले तर चांगलंच. मुख्य प्रश्न पावसाचा आहे. इथे पडणारा पाऊस आज एकटा शेतकरी सोसतो आणि तो सोसणं त्याच्या ऐपतीबाहेर गेलं आहे.

या दोन तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. शिवाय वर घाटमाथ्यावर पडतो तोही इथेच उतरतो, कारण सावित्री महाबळेश्वरात उगम पावते. २२ जुलै २०२१ला सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी महाड शहर बुडालं, तळियेची वाडी दरडीखाली गेली आणि तिथे ऐंशीहून अधिक माणसं मेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. त्याआधी २००५च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच भोगलं होतं. या बातम्या माणसांच्या होत्या आणि तशाच असायला हव्यात. त्यांच्यामागे शेताचं काय झालं ते मात्र कुठे आलं नाही. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या खाचरात लावलेलं रोप दिसतच नाही. वर हातभर रेव आणि दगडगोटे, मध्ये कुठून तरी आलेला झाडाचा बुंधा, आणि बांध जिथे होता तिथे पाण्याने पाडलेली घळ. दुबार लावणीसाठी रोप उरलेलं नसतं आणि असलं तरी ते लावायला माती उरलेली नसते. ती रेव पाटीने उपसायची, दगड वेगळे करून त्यांचाच बांध पुन्हा रचायचा, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे गाळ धरायची वाट पाहायची. डोंगरउतारावर जे तुकडे आहेत तिथे जेसीबी पोचत नाही. हे काम हातांनीच होतं, आणि त्या हातांना मजुरी देणारं पीक त्या वर्षी नसतं.

विमा आहे की, असं कुणी म्हणेल. सध्याची पीक विमा योजना २०१६पासून आहे आणि तिचा हप्ता महाराष्ट्रात काही वर्षं एक रुपयाही होता. पण भरपाई ठरते ती महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. एका वाडीची दहा खाचरं रेवेखाली गेली आणि मंडळातल्या बाकीच्या गावांत भात बरं आलं, तर सरासरीत त्या दहा खाचरांचा पत्ता लागत नाही. तुमच्याच शेताचं नुकसान मोजायची वेगळी तरतूद होती, पण तिच्यातून २०१८मध्ये भातासारख्या पाण्यात वाढणाऱ्या पिकांचं पुराने होणारं नुकसान वगळलं गेलं. म्हणजे जिथे भाताशिवाय दुसरं मोठं पीक नाही आणि पुराशिवाय दुसरी मोठी आपत्ती नाही, तिथल्या शेतकऱ्याला नेमकं त्याच दुखण्यावर औषध नव्हतं. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने ही तरतूद २०२६च्या खरिपापासून परत आणायचं जाहीर केलं आणि रानडुक्कर, माकडांसारख्या वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही त्यात घेतलं. ते नीट अमलात यावं यासाठी भांडलंच पाहिजे. सभासदांची शेती आली म्हणून सरकारला मोकळं सोडायचं कारण नाही. मात्र विम्याचे पैसे मिळाले तरी नुकसान झाल्यावर, पंचनामे झाल्यावर मिळतात. सभासदाचे पैसे रोहिण्यांत हातात असतात, आणि लावणीला नेमके तेव्हाच लागतात.

ही कल्पना जगात कशी वाढली ते थोडक्यात पाहण्यासारखं आहे, कारण तिच्या चुकाही आपल्याला उपयोगी आहेत. मिनामाताच्या पाराविषबाधेने हादरलेल्या जपानमध्ये, रासायनिक कारखाने आणि फवारण्यांची धास्ती घेतलेल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट करार सुरू केले. १९७१ साली तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकाराने तिथे सेंद्रिय शेतीची संघटना उभी राहिली आणि ही ‘तेइकेई’ पद्धत पसरली. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये अशी पहिली शेतं सुरू झाली. न्यू हॅम्पशायरच्या टेंपल-विल्टन शेतावर एक चांगली रीत पडली. शेताचं वर्षाचं अंदाजपत्रक सगळ्यांसमोर मांडायचं आणि प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा सांगायचा. बेरीज कमी भरली तर पुन्हा फेरी. कुणी जास्त देतो, कुणी कमी, वाटा मात्र सगळ्यांना गरजेप्रमाणे मिळतो. आपल्याकडे मुंबईत २०१०च्या सुमारास ‘हरी भरी टोकरी’ने हंगामाचे पैसे आधी घेऊन भाजीच्या टोपल्या दिल्या, आणि पुणे परिसरात ‘गोरस’ने हाच प्रयोग केला.

जपानमधली लाट पुढे ओसरली. बायका नोकरीला लागल्या आणि भाज्या उतरवून घेणं, वाटणं, हिशेब ठेवणं ही फुकटची कामं करायला कुणी उरलं नाही. अमेरिकेतही दरवर्षी सभासद गळतात, कारण आठवड्याला आलेल्या टोपलीत काय असेल ते आपल्या हातात नसतं आणि तिसऱ्या आठवड्यात तेच मुळे पाहून माणूस कंटाळतो. यातून मी एक निष्कर्ष काढतो. भाजीची टोपली हे या कल्पनेचं शहरालगतचं रूप आहे. ते उचलून जसंच्या तसं पोलादपुरात लावलं तर फसेल. इथे पावसाळ्यात खाचरात भाताशिवाय काही उभं राहत नाही, आणि पावसाळा सरला की पाणी असलेली जमीन थोडी. कापडे किंवा उमरठच्या वरच्या वाडीतून दर आठवड्याला दादरला भाजी पाठवायची, तर गाडीभाडंच टोपलीपेक्षा जड होईल.

इथली जमीन वर्षातून एकदा देते, पण जे देते ते टिकणारं असतं. तांदूळ, वरकसावरची नाचणी आणि वरी, भातानंतर ओलीवर येणारे वाल, चवळी, कुळीथ, शिवाय थोडे तीळ. म्हणून वाटा वर्षाचा असावा आणि धान्याचा असावा. हिशेब परत एकदा. एका एकरात दहा-बारा क्विंटल भात, म्हणजे भरडून साधारण सात क्विंटल तांदूळ. चार माणसांच्या भात खाणाऱ्या घराला वर्षाला सव्वादोन-अडीच क्विंटल पुरतो. एक एकर तीन घरांचा. तीस घरांना दहा एकर, म्हणजे एका वाडीतल्या आठ-दहा शेतकऱ्यांची जमीन. शेतकऱ्याची आणि त्याच्या घरच्यांची मजुरी पूर्ण धरून एकरी तीस हजार खर्च माना, वर सहा हजार बांधदुरुस्तीच्या गंगाजळीला. एका घराच्या वाट्याला वर्षाचे बारा हजार, महिन्याला हजार. बरं साल असेल तर तांदूळ किलोला पन्नास-पंचावन्नला पडला, वालाची-नाचणीची पिशवी वेगळी. किराणा दुकानात चांगला कोलम याहून स्वस्त नाही. वाईट साल असेल तर तांदूळ कमी येईल. पण तो तोटा तीस घरांत वाटला जाईल, आणि सभासदांच्या पैशांनी वाडीत मजुरी आधीच दिली गेली असेल.

सेंद्रियचा आग्रह पहिल्याच वर्षी धरू नये, असं माझं मत आहे. कोकणातल्या शेतीला डॉ. ना. कृ. सावंत यांनी चारसूत्री दिली. भाताचा तूस आणि पेंढा, गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या. तिच्यात खताचा अपव्यय कमी होतो आणि पीक वाढतं. सभासदाने शेतावर येऊन हे पाहावं, काय घालता ते विचारावं आणि पुढे काय बदलायचं ते शेतकऱ्यासोबत बसून ठरवावं. मुंबईत बसून अटींची यादी पाठवू नये.

सभासद कोण, या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी आपले चाकरमानी. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि महिने उलटले तरी तो मिटला नाही, तेव्हा हजारो कामगार गावी परतले आणि घरच्या भातावर त्यांनी तग धरला. २०२०च्या टाळेबंदीत पुन्हा तेच झालं. खोलीचं भाडं थकलेली, काम सुटलेली माणसं मिळेल त्या वाहनाने, काही तर चालत गावी आली. त्यांना क्वारंटाईनच्या शाळेत का होईना, जेवण मिळालं ते गावातल्या कणगीतून. शहराने हात वर केले तेव्हा शहरातल्या माणसाचा तोटा दोन्ही वेळा गावाने सोसला. आता गावाचा तोटा शहरातल्या माणसाने सोसायची पाळी आहे. त्यासाठी नवी संस्थाही काढावी लागणार नाही. आपल्याकडे वाडीवाडीचं मुंबई मंडळ आहे, त्याचा खजिनदार आहे, घरटी वर्गणीची वही आहे, आणि मंदिराच्या जीर्णोद्धाराला लाखो रुपये उभे करायची सवयही आहे. देऊळ उभं राहिलं याचा आनंदच आहे. पण ज्या गावात लावणीला माणूस नाही, त्या गावात पालखी तरी किती वर्षं फिरेल?

चाकरमान्यांच्या पाठोपाठ महाडात राहणारे. बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार, शिक्षक, बँकेतली माणसं भाजी विकत घेतात ती बहुतेक घाटावरून आलेली. सावित्री-गांधारीच्या काठी जिथे हिवाळ्यात पाणी आहे, तिथे मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत भाजीची टोपली जमू शकते, कारण अंतर पाच-दहा किलोमीटरचंच आहे. कारखान्यांच्या खालच्या अंगाला मात्र आधी माती-पाणी तपासून घ्यावं. फळं-भाजीपाला २०१६मध्ये बाजार समितीच्या बंधनातून सुटला आहे, त्यामुळे थेट देण्याघेण्यात कायद्याचा अडसर नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. हे सांगताना अनेकजण म्हणतात की आपल्याकडे हे पूर्वीपासून होतंच, बलुतेदारी होती, सगळे वाटून खात होते. महाडात उभं राहून हे म्हणू नये. २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला माणसांना सत्याग्रह करावा लागला, ते याच गावात. जिथे पाण्यावर सगळ्यांचा हक्क नव्हता तिथे धान्याचा वाटाही जातीने ठरत होता, आणि तो मागायला दारात उभं राहावं लागत होतं. दुसरी आठवण खोतीची. कोकणात वाटा म्हणजे कष्ट कुळाचे, जोखीम कुळाची आणि अर्धं पीक खोताचं. पीक बुडालं तरी खोताचं येणं बुडत नसे. त्याविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३पासून सहा वर्षं जमिनी पड टाकल्या. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ला मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, आणि १९३८च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. कायदा झाला तो १९४९चा. ज्या मातीत वाट्याचा इतिहास असा आहे, तिथे नवा वाटा सांगताना आधी स्पष्ट करायला हवं की खोत जोखीम कुळावर टाकून पीक घेत होता, आणि इथे सभासद जोखीम अंगावर घेऊन पीक मागतो. हे उलटं टिकवायचं असेल तर करार लेखी हवा. सभासदाचा जमिनीवर कसलाही हक्क नाही, सातबाऱ्यावर त्याचा बोजा नाही, पीक बुडालं तर परतावा नाही, आणि शेतकऱ्याच्या अंगणात तो मालक म्हणून येणार नाही.

आणि करार कोणाशी? सातबाऱ्यावर नाव बहुतेक वेळा मुंबईतल्या थोरल्याचं असतं, कधी मेलेल्या आजोबांचं, सोबत चौदा वारस. लावणीला गुडघाभर चिखलात वाकलेली असते ती गावातली बाई, आणि मजुरीला येणारे असतात आदिवासीवाडीवरचे कातकरी, ज्यांच्या नावे एक गुंठाही नाही. पैसे सातबाऱ्याकडे गेले तर ही शेती एका वर्षात बसेल. करार जी कसते तिच्याशी व्हावा. जमीनमालक भावांनी त्याला संमतीची सही द्यावी, आणि मजुरीचा दर अंदाजपत्रकात सगळ्यांसमोर लिहिलेला असावा. शेवळं, फोडशी, कंटोळी रानातून आणणारी कातकरी बाईही, तिची इच्छा असेल तर, या व्यवस्थेत वाटेकरी असावी. बाजारात पाटीमागे मिळतं त्याहून तिला जास्त मिळायला हवं.

फसवणूक होईल, बाजारातला तांदूळ पोत्यात भरून देतील, अशी शंका मुंबईत हमखास निघते. नात्यात आजवर ती का झाली नाही? कारण पाहणारे डोळे होते. तीस घरांतल्या पाच-सहा माणसांनी लावणीला आणि कापणीला येऊन एक दिवस खाचरात काढला तर तेवढे डोळे पुरतात. उलटी भीती मला जास्त वाटते. पहिल्या वाईट वर्षी सभासद पाठ फिरवतील, आणि लिहून दिलेलं असूनही कुणी त्यांना जाब विचारणार नाही. म्हणून सुरुवात अनोळखी ग्राहकांपासून करू नये. ज्याला पुढच्या शिमग्याला गावात तोंड दाखवायचं आहे तो सहसा शब्द फिरवत नाही. अशा घरांनी दोन-तीन वर्षं ओढली आणि त्यात एखादा पूर पचवला, की मग बाहेरच्यांना दार उघडावं.

बियाणं भिजतं मृगाच्या तोंडाला, पैसे लागतात अक्षय्य तृतीयेच्या आसपास. म्हणजे ठरवायची बैठक शिमग्यातली. तेव्हा मुंबईची माणसं गावात असतात, गावकी बसलेली असते आणि पालखीचा हिशेब वाचला जातो. त्या बैठकीत हिशेब संपला की आपल्या वाडीतली कोणती दहा एकर यंदा पड राहणार आहे ते विचारा, आणि त्यासाठी तीस नावं त्याच वहीत लिहून घ्या.